विलंब कचेरीचा, दंड विद्यार्थ्याला

समुद्र ओलांडल्यानें धर्म बुडतो असें मानणाऱ्यांचा काळ आतां इतका मागें पडला आहे कीं, त्यांच्यावर टीका करणें म्हणजे मेलेल्याला मारणें होय. एके काळीं विलायतेहून परतलेल्या माणसाला पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावें लागे, आणि तें जो न करील त्याचें पान वेगळें मांडलें जाई. आज त्याच घरांतला पणतू परदेशीं शिकावयास निघाला कीं गल्लीच्या तोंडाशीं अभिनंदनाचा फलक लागतो, पेढे वाटले जातात, आणि विमानतळावर तीन पिढ्या निरोपाला उभ्या राहतात. हा पालट इष्टच झाला. परंतु प्रायश्चित्त कांहीं गेलेलें नाहीं. तें फक्त भटजींच्या हातून कारकुनाच्या हातीं आलें आहे. पूर्वीं तें परत आल्यावर एकदां घ्यावें लागे. आतां तें जाण्यापूर्वीं, तेथें असतांना व तेथून परततांना असें त्रिकाळ घ्यावें लागतें. शिवाय पूर्वींच्या प्रायश्चित्ताला निदान पातक तरी ज्याचें त्याचें असे. आतांच्या प्रायश्चित्तांत पातक एकाचें आणि पंचगव्य दुसऱ्याला, असा प्रकार सर्रास चालतो.

आजचा आमचा विषय हाच आहे. परदेशांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर जे प्रसंग गुदरतात, त्यांपैकीं पुष्कळ दैवानें आणलेले नसून कचेऱ्यांनीं निर्माण केलेले असतात, आणि त्यांच्या मुळाशीं एकच अन्याय आहे. कचेरीस उशीर झाला तर कचेरीचें कांहीं बिघडत नाहीं. विद्यार्थ्यास उशीर झाला तर त्याचें वर्ष बुडतें. इतकेंच नव्हे, तर कचेरीस झालेला उशीरहि अखेर विद्यार्थ्याच्याच नांवें खर्चीं पडतो. हा हिशेब उलटा आहे, आणि तो सुलटा करण्याची मागणी आपल्या समाजानें मोठ्यानें केली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

या म्हणण्यावर आमच्यांतील सुखवस्तु गृहस्थांचीं तीन उत्तरें ठरलेलीं आहेत. पहिलें, ‘परक्याच्या घरीं जावयाचें तर त्याचे नियम पाळावेच लागतात.’ दुसरें, ‘आपलींच मुलें गाफील, कागद नीट वाचीत नाहींत.’ तिसरें, आणि हें सर्वांत लाडकें, ‘अडचणींतूनच माणूस घडतो.’ तिन्ही उत्तरें ऐकावयास शहाणपणाचीं वाटतात. तीं एकेक हातीं घेऊन पाहूं.

परक्याचे नियम पाळावे, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण नियम कशाला म्हणावें? जो आधीं कळतो आणि पाळला असतां पाळणाऱ्याचें रक्षण करतो, त्याला नियम म्हणतात. जो सकाळीं एक आणि संध्याकाळीं दुसरा असतो, त्याला लहर म्हणतात. कॅनडा सरकारनें ७ डिसेंबर २०२३ रोजीं जाहीर केलें कीं, विद्यार्थ्यानें निर्वाहासाठीं दाखवावयाची रक्कम १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलर करण्यांत येत असून ती १ जानेवारी २०२४ पासून येणाऱ्या अर्जांस लागू होईल. राहणीचा खर्च वाढला होता हें खरें. जुना आंकडा कित्येक वर्षें हलला नव्हता हेंहि खरें. पण सरकारला जी गोष्ट करावयास इतकीं वर्षें लागलीं, ती करावयास जळगांवच्या एखाद्या शिक्षकाला अवघे पंचवीस दिवस मिळावे, हा कोणता न्याय? दुप्पट पैसा उभा करणें म्हणजे त्याच्या दृष्टीनें शेताचा तुकडा विकणें, आणि शेत पंचवीस दिवसांत विकलें जात नाहीं. गेलेंच तर मातीच्या मोलानें जातें.

अमेरिकेचा दाखला याहून बोलका आहे. महासाथीच्या काळांत, ६ जुलै २०२० रोजीं, तेथील इमिग्रेशन खात्यानें फर्मान काढलें कीं, ज्यांचें सर्व शिक्षण घरबसल्या संगणकावरून चालणार आहे अशा परदेशी विद्यार्थ्यांनीं देश सोडावा किंवा प्रत्यक्ष वर्ग भरणाऱ्या दुसऱ्या संस्थेंत जावें. हार्वर्ड व एम. आय. टी. या संस्था न्यायालयांत गेल्या, आणि १४ जुलैला सरकारनें तें फर्मान मागें घेतलें. आठ दिवसांचा खेळ झाला. पण त्या आठ दिवसांत ज्यांनीं खोल्या सोडल्या किंवा चढ्या भावानें तिकिटें घेतलीं, त्यांची भरपाई कोणी केली? पुढें २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्यें त्याच देशांत हजारों परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी दप्तरांतून एकाएकीं रद्द झाल्या. कित्येकांना ही वार्ता सरकारनें कळविलीच नाहीं. विद्यापीठानें दप्तर उघडून पाहिलें तेव्हां ती कळली. कोणाचा अपराध वाहनाच्या वेगाचा, तर कोणावरील आरोप न्यायालयानेंच पूर्वीं काढून टाकलेला! दाव्यांवर दावे झाले, अनेक न्यायाधीशांनीं मनाई हुकूम दिले, आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनीं नोंदी पुन्हा चालू करीत असल्याचें न्यायालयास सांगितलें. या मुलांनीं कोणता नियम वाचावयाचा ठेवला होता, हें पहिल्या उत्तराच्या पुरस्कर्त्यांनीं आम्हांस कृपा करून सांगावें.

आतां दुसरें उत्तर घेऊं, तें गाफीलपणाचें. कांहीं मुलें गाफील असतात, यांत संशय नाहीं. गाफील माणसें कचेऱ्यांतहि असतात. परंतु दक्ष विद्यार्थ्याची काय गत होते तें पाहण्यासाठीं आपण नाशिकचा एक कल्पित विद्यार्थी घेऊं आणि त्याला जर्मनीस पाठवूं. हा देश आम्ही मुद्दाम निवडला. कारण तेथील सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी बहुतेक ठिकाणीं घेतली जात नाहीं आणि तेथील कारभार शिस्तीचा म्हणून नांवाजलेला आहे. आमच्या विद्यार्थ्यानें पदवीचे कागद तपासून घेऊन त्याचें प्रमाणपत्र मिळविलें. हें १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांस आवश्यक झालें. त्यानें वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बंद खात्यांत भरली. ती २०२४ सालीं ११,९०४ युरो ठरली, आणि खातेंहि असें कीं पैसा आपला असून महिन्याला ९९२ युरोंपलीकडे हात लावतां येत नाहीं. इतकें करून तो बर्लिनला उतरला. येथवर त्याची एकहि चूक नाहीं.

आतां कायदा सांगतो कीं, घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत पत्ता नगरकचेरींत नोंदविला पाहिजे. न नोंदविल्यास १,००० युरोंपर्यंत दंड होऊं शकतो. नोंदणीला घरमालकाची चिठ्ठी लागते, आणि पोटभाड्यानें खोली देणारे ती चिठ्ठी देण्यास पुष्कळदां कांकूं करतात. कायमची खोली पाहावी तर मालक बँकेचे कागद मागतो; बँकेंत जावें तर ती नोंदणीचा दाखला मागते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, ही आपली म्हण ज्यानें रचली तो बर्लिनला गेला नसावा. पण जाता तर त्याला करमलें असतें. एवढ्यांतून चिठ्ठी मिळालीच, तर नोंदणीसाठीं कचेरीची वेळ ठरवावी लागते, आणि ती वेळ दोन आठवड्यांच्या आंतली मिळेलच असें नाहीं. म्हणजे मुदत कायद्यानें घालावयाची, ती पाळणें कचेरीनें अशक्य करावयाचें, आणि दंडाची टांगती तलवार विद्यार्थ्याच्या डोक्यावर! कारकून समजूतदार असला तर दंड करीत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण हक्क आणि कारकुनाची समजूत या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि एकीच्या ऐवजीं दुसरी स्वीकारावयास आम्ही तयार नाहीं.

वर्ष-दोन वर्षांनीं राहण्याचा परवाना संपत येतो. आमचा विद्यार्थी मुदतीपूर्वीं अर्ज करतो. कचेरीकडून महिनोन्महिने उत्तर नाहीं. अशा वेळीं जर्मन कायदा एक दाखला देतो. त्याचें नांव ‘फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग’, म्हणजे शब्दशः ‘कल्पनेचा दाखला’. निकाल लागेपर्यंत परवाना चालूच आहे अशी कायदा कल्पना करतो, आणि त्या कल्पनेचा हा कागद. नांवाला हंसूं नये. कल्पना उत्तम आहे, आणि आम्ही तिची पुढें स्तुति करणार आहों. पण घोडें पेंड कोठें खातें तें पाहा. हा कागदहि त्याच तुंबलेल्या कचेरींतून मिळवावा लागतो. त्याच्या एका प्रकारावर देशाबाहेर जाऊन परत येतां येतें, दुसऱ्यावर येत नाहीं. आणि कोणता प्रकार कोणता, हें परक्या विमानतळावरील शिपायाला समजावून सांगण्याचें काम विद्यार्थ्याचें. इतक्यांत नाशिकला त्याचे वडील अंथरुणाला खिळतात. तो जाऊं शकतो काय? जाईल; पण परत येऊं शकेल याची खात्री त्याला कोणी देत नाहीं. बापाचें तोंड पाहावें कीं पदवी पुरी करावी, असा पेंच एका बिनउत्तराच्या अर्जानें एका मुलापुढें टाकला आहे. यांत त्याचा गाफीलपणा कोठें आहे, तें दुर्बीण लावून कोणीं दाखवावें.

खरोखरीचा अपघात झाला तरी चाल हीच. आगगाडींत पासपोर्ट चोरीला गेला असें समजा. भारतीय वकिलात तातडीचा दाखला देते. पण तो एकदां मायदेशीं परतण्यापुरता असतो. राहून शिकावयाचें तर नवा पासपोर्ट हवा, त्यासाठीं पोलिसांचा कागद हवा. आणि चोरीस गेलेल्या पासपोर्टांत अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा असेल, तर तो अमेरिकेंत राहून पुन्हा मिळत नाहीं. त्यासाठीं देशाबाहेरच्या अमेरिकन वकिलातींत जावें लागतें. चोरानें नेला तो पासपोर्ट एवढाच. त्यापुढें जे महिने जातात ते कचेऱ्या नेतात.

ज्याच्यावर आळ आला त्याची स्थिति तर विचारूंच नये. २०१४ च्या फेब्रुवारींत बी. बी. सी. नें लंडनमधील कांहीं परीक्षाकेंद्रांत इंग्रजीच्या परीक्षेला तोतये बसविले जातात, हें उघडकीस आणलें. चोरी खरी होती; तिची चौकशी व्हावयासच हवी होती. पण चौकशी कशी झाली? परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेनें २०११ ते २०१४ या काळांतील ५८,४५८ परीक्षा तपासल्या आणि शंभरांतील सत्त्याण्णव संशयास्पद ठरविल्या. शंभरांत सत्त्याण्णव चोर असलेलें गांव आम्हीं तरी ऐकलेलें नाहीं. ब्रिटिश गृहखात्यानें मात्र या यादीवर विसंबून हजारोंचे व्हिसे रद्द केले, कित्येकांना देशाबाहेर घालविलें. आणि ज्या पुराव्यावर हें चाललें तो पाहावयास मिळावा म्हणून विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. निरपराध माणसेंहि यांत भरडलीं गेलीं असावीं, असें ब्रिटनच्याच सरकारी लेखापरीक्षकांनीं २०१९ सालीं नमूद केलें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची आपली जुनी गोष्ट मुलांना सांगतांना यापुढें गांवाचें नांव बदलावयास हरकत नाहीं.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यानें विद्यापीठाकडे दाद मागावी. पण विद्यापीठ आतां निव्वळ गुरुगृह राहिलेलें नाहीं. ब्रिटनमध्यें व अमेरिकेंत परदेशी विद्यार्थ्याची खबर सरकारला देण्याचें कामहि त्याच्याकडे सोंपविलेलें आहे. हें दुटप्पी पालकत्व नवें नव्हे. १९०९ सालीं इंडिया ऑफिसनें लंडनमध्यें हिंदी विद्यार्थ्यांना माहिती व मदत देण्यासाठीं एक कचेरी काढली, तेव्हां तिच्या दारांत पाऊल ठेवावयास आमचे अनेक विद्यार्थी कचरत. मदत मागावयास जावें आणि आपलें नांव भलत्याच वहींत चढावें, अशी त्यांना धास्ती होती. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. कचेऱ्या बदलल्या, वह्या बदलल्या, धास्ती तीच आहे. ज्या खिडकीशीं अडचण सांगावयाची त्याच खिडकीतून कारवाई होणार असेल, तर शहाणा विद्यार्थी अडचण सांगतच नाहीं, आणि मग ती वाढते.

राहिलें तिसरें उत्तर: अडचणींतून माणूस घडतो. याला दाखला म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव हमखास घेतलें जातें. तेव्हां तोच दाखला तपासूं. आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि १९१६ सालीं लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावें लागलें. महायुद्ध चालू होतें. त्यांचीं पुस्तकें ज्या बोटीनें निघालीं होतीं, ती शत्रूच्या पाणसुरुंगी माऱ्यानें समुद्रांत बुडाली. याहून मोठी आपत्ति विद्यार्थ्यावर कोणती यावी? तरीहि १९२० सालीं ते लंडनला परतले, १९२१ सालीं त्यांनीं एम. एस्‌सी. व १९२३ सालीं डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. पाहा, म्हणतात आमचे गृहस्थ, अडचणींनीं माणूस कसा घडविला!

आम्ही म्हणतों, हें साफ खोटें आहे. बुडालेल्या बोटीनें आंबेडकरांना घडविलें नाहीं; त्यांच्या बुद्धीनें, अभ्यासानें आणि चिकाटीनें घडविलें. आणि त्या चिकाटीला फळ येण्यास आणखी एक गोष्ट कारण झाली, तिची आठवण कोणी ठेवीत नाहीं. लंडन विद्यापीठानें त्यांना चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. एवढीच ती गोष्ट. या मुभेंत दया नव्हती, पैसा नव्हता; गेलेला वेळ परत देण्याची तयारी होती. ती नसती, तर १९२० सालीं लंडनला परतून त्यांनीं काय केलें असतें? आणि ज्यांना अशी मुभा मिळाली नाहीं, ते किती निघाले, किती बुडाले, याची यादी कोणी केलेली नाहीं. तरलेल्यांकडे बोट दाखवून पाण्याची थोरवी गाणारांनीं तळाशीं काय आहे तेंहि एकदां पाहावें. अभ्यासाची अडचण माणसाला घडविते, हें आम्हांस मान्य आहे; अवघड गणित, परकी भाषा, कडक गुरु यांनीं बुद्धीला धार येते. खिडकीपुढच्या रांगेनें ती येत नाहीं. रांगेंत माणूस एकच विद्या शिकतो, ती म्हणजे लाचारी.

येथवर परक्यांचें झालें. पण आपल्या घरचें काय? रशियानें २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर चढाई केली, आणि तेथें वैद्यकी शिकणारे आपले हजारों विद्यार्थी ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेनें परत आणले गेले. तें काम चांगलें झालें. त्याचें श्रेय सरकारला दिलें पाहिजे. पण मुलें घरीं आल्यावर तीं येथें पुढें शिकूं शकतील काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां सप्टेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें सांगितलें कीं, १९५६ च्या व २०१९ च्या वैद्यकी कायद्यांत तशी तरतूद नाहीं. कायद्यांत तरतूद नसेल. कायदे करणें हें सरकारचेंच काम आहे, हा मुद्दा आम्ही सोडून देतों. परंतु त्याच उत्तरांत, हीं मुलें प्रवेशपरीक्षेंतील कमी गुणांमुळें किंवा न परवडणाऱ्या खर्चामुळें बाहेर गेलीं होतीं, असाहि शेरा होता. जळत्या घरांतून बाहेर पडलेल्याला त्याची जुनी गुणपत्रिका वाचून दाखविण्याची ही रीत कोणत्या दरबारची?

अनुसूचित जाति, भटक्या-विमुक्त जमाति, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीं केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ति आहे. तिच्या जागा १२५. २०२५ सालीं १०६ जणांची निवड झाली, पण मंजुरीपत्रें प्रथम मिळालीं ती ४० जणांनाच; बाकीच्या ६६ जणांना पैसा उपलब्ध झाल्यास पत्रें मिळतील, असें कळलें. विद्यापीठाची फी भरण्याची तारीख मात्र अशा ‘झाल्यास’ची वाट पाहत नाहीं. वरातीमागून येणाऱ्या घोड्यावर नवरदेव बसवितां येत नाहीं, हें खेड्यांतल्या मुलालाहि कळतें; दिल्लीला तें कळण्यास काय अडचण आहे? आणखी एक गोष्ट येथेंच नोंदवून ठेवतों. या शिष्यवृत्तीच्या २०२२ सालच्या नियमांनीं भारतीय संस्कृति, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे संशोधनाचे विषय वगळले. आंबेडकरांनीं १९१६ सालीं कोलंबियांत भारतांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. म्हणजे ज्याचें नांव घेऊन आम्ही मुलांना अडचणी सोसण्याचा उपदेश करतों, त्याच विद्यार्थ्याचा तो विषय आमच्याच कचेरीनें दारांतून परत पाठविला असता.

तेव्हां आमचें मागणें काय? तें मोठें नाहीं, आणि अशक्य तर मुळींच नाहीं. जर्मन कायद्यांतील ती ‘कल्पना’ हाच त्याचा पाया आहे. ज्यानें वेळेवर अर्ज केला त्याचा हक्क निकाल लागेपर्यंत अबाधित राहावा. त्याचा पुरावा अर्ज पोंचतांच आपोआप हातीं पडावा, आणि तो दाखवून घरीं जाऊन परत येतां यावें. आरोप केला तर पुरावा आधीं दाखवावा, शिक्षा मागाहून करावी. नियम बदलला तर तो पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लागू करावा. निघण्यासाठीं गांठोडें बांधून बसलेल्यांना नव्हे. आमच्या सरकारनें शिष्यवृत्तीचा होकार किंवा नकार विद्यापीठाच्या फीच्या तारखेपूर्वीं द्यावा; नकारहि वेळेवर आला तर उपकार मानूं. या सर्वांचा अर्थ एकच: ज्याचा विलंब, त्याचा दंड.

आणि शेवटचें मागणें आमच्या वाचकांपाशीं आहे. कारण मुलांना ज्या शब्दांची सर्वांत अधिक भीति वाटते ते कचेरींत उच्चारले जात नाहींत, घरांत उच्चारले जातात. ‘तूंच कांहीं तरी चुकला असशील’ हे ते शब्द. फलकाची शाई वाळली नाहीं तोंच परत जावें लागलें तर लोक काय म्हणतील, या धाकानें किती मुलें व्हिसा नाकारल्याचें, पैसे अडकल्याचें, प्रवेश रद्द झाल्याचें आईबापांपासून लपवितात, आणि त्या लपविण्यांतूनच दलालांच्या तावडींत सांपडतात! परक्या कचेरीची रीत बदलणें आपल्या हातीं नसेल. हें एक वाक्य गिळणें आपल्या हातीं आहे. समुद्र ओलांडण्याचें पातक आपण कधींच माफ केलें. आतां दुसऱ्याच्या उशिराचें प्रायश्चित्त आपल्याच मुलांवर लादणें तेवढें थांबवूं.